मृत्युपत्र लिहिणाऱ्या दस्तलेखकाने प्रोबेटसाठी पक्षकाराला कोणाकडे पाठवावे?

प्रश्न : परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठिकाणी दुय्यम निबंधक कार्यालयाजवळ मी दस्तलेखनाचे काम करतो. वडिलांपासून चालत आलेला हा व्यवसाय आहे. खरेदीखते, बक्षीसपत्रे, वाटणीपत्रे यांच्या जोडीला अलीकडे मृत्युपत्रेही बरीच लिहून द्यावी लागतात. मृत्युपत्र करणारी व्यक्ती वारली की घरची माणसे तो कागद घेऊन माझ्याकडेच येतात आणि पुढे काय करायचे ते विचारतात. मध्यंतरी पुण्याच्या एका खासगी सेवेचा प्रतिनिधी येऊन गेला. मी लिहिलेल्या मृत्युपत्रांच्या पक्षकारांची नावे व फोन नंबर त्यांना द्यावेत, मृत्यूनंतर प्रोबेटचे, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचे, सगळे काम ते करतील, मिळकतीच्या किमतीच्या अडीच टक्के फी घेतील आणि त्यातला ठरावीक हिस्सा मला देतील, असा त्यांचा प्रस्ताव आहे. प्रोबेटशिवाय मृत्युपत्राला किंमत नाही आणि इंग्लंडमध्ये हीच पद्धत आहे, असेही त्यांनी सांगितले. सेवा विश्वासाची असेल तर पक्षकाराला तिकडे पाठवण्यात गैर काय? सध्या एका भगिनींचे प्रकरण माझ्यासमोर आहे. पती वारले आहेत, मृत्युपत्र नोंदणीकृत आहे, चार एकर जमीन आणि बँकेतली ठेव त्यांच्या नावे लिहिली आहे, दोन मुले आहेत, आणि दीर हरकत घेण्याच्या तयारीत आहेत. त्यांना कोणाकडे पाठवू?

उत्तर : आपला प्रश्न सचोटीने विचारलेला आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो. पक्षकाराला जाणत्या माणसाकडे पाठवण्यात गैर काहीच नाही. उलट मृत्युपत्र लिहून दिल्यावर घरच्यांना वाऱ्यावर सोडणे हेच आपल्या व्यवसायाला शोभणारे नाही. मात्र पाठवण्याबद्दल पैसे घेऊ नयेत, पक्षकारांची यादी कोणालाही देऊ नये, आणि मुळात त्या कुटुंबाला प्रोबेटची गरज आहे का, हे ठरवल्याशिवाय 'प्रोबेट' हा शब्दही त्यांच्यासमोर काढू नये. या तिन्ही गोष्टींना ठोस कारणे आहेत, आणि पैशाविषयीचे कारण इतर कोणाहीपेक्षा मृत्युपत्राच्या लेखकाला अधिक लागू पडते.

प्रथम गरजेचे पाहू. प्रोबेटशिवाय मृत्युपत्राला किंमत नाही हे त्या प्रतिनिधीचे विधान मराठवाड्यासाठी कधीच खरे नव्हते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम ५७ आणि कलम २१३ एकत्र वाचली असता हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती होती ती मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात (जिथले दावे थेट उच्च न्यायालयात दाखल होऊ शकतात त्या हद्दीत) आणि पूर्वीच्या बंगाल प्रांताच्या हद्दीत केलेल्या मृत्युपत्रांपुरती, किंवा बाहेर केलेल्या मृत्युपत्रातील स्थावर मिळकत त्या हद्दीत असेल तर तेवढ्यापुरती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ अधिकारक्षेत्राशी त्याचा संबंधच आला नाही, आणि १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ आले तेव्हाही ते क्षेत्र मुंबई शहरापुरतेच राहिले. मुलाने दादर किंवा गिरगावात घर घेऊन ते वडिलांच्या नावे ठेवले आहे, अशा कुटुंबांनाच तेवढा हा प्रश्न पडत असे. आता तोही उरलेला नाही, कारण संसदेने २०२५ च्या निरसन व सुधारणा अधिनियमाने कलम २१३ च वगळले आहे. जुनी, न्यायालयात आधीपासून चालू असलेली प्रकरणे वकिलाला दाखवावीत. परंतु आज कोणी 'सक्ती आहे' असे सांगत दाराशी आला, तर त्याला कायदा माहीत नाही किंवा माहीत असूनही तो तसे बोलतो आहे, आणि दोन्ही स्थितींत तो आपल्या पक्षकाराच्या कामाचा नाही.

सक्ती नाही याचा अर्थ उपयोग नाही असा मात्र होत नाही. मृत्युपत्र खरे आहे, ते करणाऱ्याने शुद्धीत व राजीखुशीने केले आहे आणि दोन साक्षीदारांनी कायद्याप्रमाणे साक्षांकित केले आहे, एवढ्या गोष्टींवर प्रोबेटने न्यायालयाची मोहोर उमटते. वारसांपैकी कोणी सहीच नाकारत असेल, मिळकत निरनिराळ्या जिल्ह्यांत विखुरलेली असेल, किंवा एखादी वित्तसंस्था मोठ्या रकमेसाठी न्यायालयाचा आदेश मागत असेल, तर प्रोबेटचा मार्ग योग्य ठरतो. अर्ज मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाने, म्हणजे एक्झिक्युटरने, करायचा असतो. तसा कोणी नेमलेला नसेल तर प्रोबेट मिळत नाही, मृत्युपत्र जोडलेले व्यवस्थापनपत्र, म्हणजे मिळकतीच्या व्यवस्थापनाचा न्यायालयाने दिलेला अधिकार, मागावे लागते. आपल्याकडे हा अर्ज जिल्हा न्यायालयात किंवा अधिकार दिलेल्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालतो. हरकत आली की त्याला दाव्याचे रूप येते आणि मग साक्षीपुरावे, उलटतपासण्या यांत किती वर्षे जातील हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

जे प्रोबेटने होत नाही, ते पक्षकाराला सांगणे अधिक महत्त्वाचे आहे. प्रोबेट देणारे न्यायालय मालकी ठरवत नाही. जमीन मयताची स्वतःची होती की एकत्र कुटुंबाची, वाटणी झाली होती की नाही, हे प्रश्न ते हातातच घेत नाही. मराठवाड्यातले निम्म्याहून अधिक भांडण याच प्रश्नांवर असते असे माझे मत आहे. अशा कुटुंबाने दोन-तीन वर्षे आणि लाखभर रुपये घालवून प्रोबेट आणले, तरी भावकीचा वाटणीचा दावा तिथल्या तिथेच उभा असतो.

आता पैशाचे. मृत्युपत्राचा वाद न्यायालयात गेला की साक्षांकन करणाऱ्या किमान एका साक्षीदाराला तपासावे लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ मध्ये हे सांगितले आहे, आणि दस्त नोंदणीकृत असला तरी त्यातून सुटका नाही. साक्षीदारांपाठोपाठ बहुतेक वेळा लेखकालाही बोलावले जाते, कारण मजकूर कोणी सांगितला, वाचून कोणी दाखवला, त्या वेळी खोलीत कोण होते, हे लेखकाला माहीत असते. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली वेंकटचल अय्यंगार प्रकरणात सांगितले आणि आजही प्रत्येक वादात त्याच निकालाचा आधार घेतला जातो. अशा वेळी आपण पिंजऱ्यात उभे असताना समोरचा वकील विचारील की, हे मृत्युपत्र ज्या संस्थेकडून आज प्रमाणित करून घेतले जात आहे, तिच्याकडून आपल्याला मिळकतीच्या किमतीवर हिस्सा मिळतो हे खरे आहे काय? खरे आहे असे उत्तर द्यावे लागले, तर पुढचा प्रश्न येईल की मिळकत जितकी मोठी तितका आपला हिस्सा मोठा, मग मृत्युपत्र करण्याचा सल्ला मयताला कोणी दिला? आपण निष्कलंक असाल, मजकूर अक्षरशः मयताच्या तोंडचा असेल, तरीही त्या दोन उत्तरांनी कागदावर डाग पडतो. आपल्या पक्षकाराने ज्या कागदासाठी आपल्याला पैसे दिले, तो कागद आपणच कमकुवत केला असे होईल. माझ्या दृष्टीने एवढे एक कारण प्रस्ताव नाकारायला पुरेसे आहे.

कायद्याचे कारणही आहे. वकिलाकडून मोबदला घेऊन त्याला काम मिळवून देणाऱ्याला कायदा दलाल म्हणतो. २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात कलम ४५-अ आले असून, चौकशी करून आणि म्हणणे मांडण्याची संधी देऊन अशा दलालांची यादी तयार करण्याचा अधिकार उच्च न्यायालय, जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आदींना आहे. ती यादी न्यायालयात लावली जाते, आणि यादीत नाव असताना दलाली करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल, परंतु तालुक्याच्या कोर्टाच्या भिंतीवर आपले नाव लागणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मध्ये कंपनी असल्यामुळे आपण त्या व्याख्येत बसत नाही, असा युक्तिवाद प्रतिनिधी करील. त्यावर वाद घालता येईल. तो घालायची पाळी आपल्यावर का यावी, एवढेच मी विचारतो. वकिलाच्या बाजूनेही हा व्यवहार टिकत नाही, कारण भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलाला वकील नसलेल्याबरोबर फी वाटून घेता येत नाही आणि निकालावर अवलंबून असणारी किंवा दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत हिस्सा मागणारी फीही ठरवता येत नाही.

इंग्लंडच्या दाखल्याबद्दल दोन वाक्ये पुरेत. तिथे मृत्युपत्र लिहून देण्याचे काम कोणीही करू शकतो, मात्र फी घेऊन प्रोबेटचे कागद तयार करणे हे २००७ च्या कायद्याने परवानाधारकांसाठी राखून ठेवलेले आहे, त्यामुळे परवाना नसलेल्या लेखकाला पुढच्याकडे पाठवणे तिथे भागच पडते. आपल्याकडे शेतजमिनीची बहुतेक कामे तलाठ्याच्या दप्तरात सुरू होतात आणि तिथेच संपतात. तिकडची पद्धत इकडे आणून बसवण्याचे काही कारण नाही.

यादी देण्याविषयी तर विचारही करू नये. माणूस आपल्या घरातले सर्वांत नाजूक निर्णय आपल्यासमोर बोलतो तो विश्वासाने. नोंदणी अधिनियम, १९०८ सुद्धा नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल ते करणारा हयात असेपर्यंत त्याच्याशिवाय किंवा त्याच्या प्रतिनिधीशिवाय कोणाला देत नाही. सरकारी दप्तर जे गुप्त ठेवते ते आपल्या वहीतून बाहेर जाऊ नये. शिवाय कोणाच्या मृत्यूची वाट पाहत त्याचा फोन नंबर विकत घेणारी सेवा विश्वासाची कशी म्हणायची?

मग पाठवायचे कोणाकडे? आपल्या जिल्हा न्यायालयात मृत्युपत्राची आणि वाटणीची प्रकरणे प्रत्यक्ष चालवणारे दोन-तीन वकील आपल्याला नक्कीच माहीत असतील. त्या सर्वांची नावे पक्षकाराला सांगावीत आणि निवड त्याच्यावर सोडावी. एकच नाव सांगितले की चार दिवसांत गावात बोलले जाते. वकिलाने चालवलेली प्रकरणे ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने पाहता येतात, ती पाहण्यास पक्षकाराच्या शिकलेल्या मुलाला सांगावे. फी आकड्यात ठरवून लिहून घ्यावी, टक्क्यात नव्हे. महाराष्ट्रात प्रोबेटचे न्यायालय शुल्क मिळकतीच्या मूल्यानुसार लागते आणि त्याला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. उलट चार एकर जमिनीची किंमत ऐंशी लाख धरली तर त्या सेवेची अडीच टक्के फीच दोन लाख होते, आणि न्यायालय शुल्क त्यात धरलेले आहे की नाही, हे आपल्या पत्रातून कळत नाही. मूळ मृत्युपत्र कोणाच्याही हाती पोच घेतल्याशिवाय देऊ नये, कोऱ्या मुद्रांकावर सही करू नये, आणि 'सगळे आम्हीच पाहू' म्हणून पुढे केलेले सर्वाधिकारपत्र तर मुळीच देऊ नये. वकीलपत्र पुरेसे असते.

आणखी एक ठिकाण आपल्याकडे विसरले जाते, ते म्हणजे तालुका विधी सेवा समिती व जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते. तिथले सगळेच वकील सारख्या उत्साहाने काम करतात असे मी म्हणणार नाही, परंतु विधवा भगिनींनी दोन लाखांच्या करारावर अंगठा उठवण्याआधी तिथे एकदा जाऊन यावे.

आपण स्वतः सर्वाधिक काय करू शकता, तर मृत्युपत्र असे लिहायचे की पुढे प्रोबेटची वेळच येऊ नये, आणि आलीच तर ते टिकावे. व्यवस्थापकाचे नाव त्यात असावेच, आणि तो नसल्यास दुसरा कोण हेही असावे. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, गावात राहणारे आणि लाभ न मिळणारे असावेत. परभणी-बीडकडे ऊसतोडीला जाणारी माणसे दिवाळीच्या आसपास सहा महिन्यांसाठी निघून जातात. असा साक्षीदार घेतला तर हरकतीच्या सुनावणीला त्याला कारखान्याच्या फडावरून बोलावून आणावे लागते, आणि तो येत नाही. एखाद्या वारसाला काही दिलेले नसेल तर का दिले नाही, हे एका वाक्यात मयताच्याच शब्दांत यावे. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे, तरी आपल्या भागात ती करून घ्यावी असाच माझा आग्रह असतो, कारण तलाठी कार्यालयात नोंदणीकृत कागदाकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते, मग कायदा काहीही म्हणो.

जमिनीचा वर्ग पाहिल्याशिवाय तर लेखणी उचलूच नये. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल, ती हैदराबाद कूळ कायद्याने मिळालेली किंवा मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) इनामाची असेल, तर कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीला मृत्युपत्राने देण्यात हस्तांतरणाचे निर्बंध आडवे येऊ शकतात. आणि खिदमतमाश, म्हणजे देवस्थानच्या किंवा मशीद-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली जमीन, कसणाऱ्याने स्वतःची समजून मृत्युपत्रात घालणे म्हणजे मुलांना वाद वारशात देणे होय. जुना मुंतखब (निजामकालीन इनामाचा दाखला) आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदीचा कागद) मागवून पाहण्याचा आळस करू नये. मुस्लिम पक्षकार असेल तर वसीयत एक तृतीयांशापुरतीच आणि वारसाला द्यायची तर इतर वारसांच्या संमतीनेच, ही मर्यादा त्याला लिहिण्याआधी सांगावी, नंतर नव्हे.

आता त्या भगिनींचे प्रकरण. त्यांना आधी एकच प्रश्न विचारावा : दीर काय म्हणतात? भावाची सही खोटी आहे म्हणतात, की जमीन वडिलांची होती आणि वाटणी झालीच नाही म्हणतात? पत्नी आणि मुले हयात असताना भाऊ हा पहिल्या वर्गाचा वारस नाही, म्हणून मृत्युपत्र नसते तरी मयताचा स्वतःचा हिस्सा दिरांकडे जात नाही. तो पत्नी, मुले आणि सासूबाई हयात असतील तर त्या, यांच्यात जातो. त्यामुळे सही नाकारून दिरांच्या पदरात काही पडत नाही, आणि ते जाणकाराचा सल्ला घेऊन आले असतील तर दुसरेच म्हणणे मांडतील. ते वाटणीचे असेल तर प्रोबेटवर एक रुपयाही खर्च करू नये. त्याऐवजी जुना वाटणीचा फेरफार (महसूल दप्तरातील हक्कबदलाची नोंद), त्याआधीचे सातबारे, आठ-अ (खाते उतारा) आणि दोन्ही भावांनी वेगवेगळे काढलेले पीककर्ज यांचे कागद गोळा करावेत, कारण वाटणी झाल्याचा पुरावा तोच आहे.

दरम्यान मृत्यू दाखला, मृत्युपत्राची सत्यप्रत आणि मुलांचे संमतिपत्र जोडून तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे फेरफारासाठी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते. हरकत आली तर नोंद तक्रारी नोंदवहीत जाऊन त्यावर सुनावणी होते, आणि निर्णय विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांत अपील करता येते. महसूल अधिकारी मालकीचा किंवा मृत्युपत्राच्या खरेपणाचा निवाडा करू शकत नाहीत, वाद असेल तर दिवाणी न्यायालयातच जावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही स्पष्ट केले आहे. म्हणून तिथे हरले तरी हक्क जात नाही आणि जिंकले तरी भांडण मिटत नाही, हे त्यांना आधीच समजावून सांगावे. बँकेच्या ठेवीवर नामनिर्देशन त्यांचेच असेल तर ती रक्कम बँक देईल. नामनिर्देशन दिरांचे किंवा अन्य कोणाचे असेल तर त्या व्यक्तीकडे रक्कम विश्वस्त म्हणून जाते, मालक म्हणून नव्हे, आणि अशा वेळी बँकेला मृत्युपत्राची प्रत देऊन लेखी हरकत लगेच नोंदवावी.

दीर खरोखरच सही नाकारत असतील, तर मात्र भगिनींना वकिलाकडे पाठवण्यात उशीर करू नये. प्रोबेटच्या अर्जालाही तीन वर्षांची मुदत लागू होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे साक्षीदार आज हयात आहेत. त्या दोघांचे सध्याचे पत्ते आणि फोन नंबर आपल्या वहीतून काढून भगिनींच्या हाती द्यावेत, त्या दिवशी खोलीत कोण कोण होते हे आपल्याला आठवते तसे तारखेसह लिहून ठेवावे, आणि पुण्याच्या प्रतिनिधीला नकार लेखी कळवून त्याची प्रत जपून ठेवावी.